स्तन काढल्यावर पुनर्रचना की कृत्रिम स्तन: कसं ठरवायचं

जुन्या नाशकात, दहीपुलाजवळ माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. २०१९ मध्ये माझा डावा स्तन काखेतल्या गाठींसकट काढावा लागला. तेव्हा मी ४६ वर्षांची होते. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सही घ्यायला एक तरुण डॉक्टर आला. कागद पुढे करत त्यानं विचारलं, "रिकन्स्ट्रक्शन नकोय ना?" मी तोंड उघडायच्या आत त्यानंच 'नाही'वर खूण केली. हे खाली औषधं आणायला गेले होते, मुलगी बारावीच्या क्लासला. रिकन्स्ट्रक्शन म्हणजे स्तनाची पुनर्रचना, हेसुद्धा मला तेव्हा धड माहीत नव्हतं.

आज मी ब्रामध्ये घालायचा कृत्रिम स्तन वापरते आणि मला ते पटलेलं आहे. पण त्या संध्याकाळी तो निर्णय माझा नव्हता, हे मला अजून लागतं. त्यानंतर दुकानाच्या पडद्यामागे कितीतरी जणी याच कारणासाठी आल्या. कुणाला आत कृत्रिम स्तन ठेवायला खिसा असलेली ब्रा शिवून हवी असते, कुणाला ब्लाउज एका बाजूनं भरून हवा असतो, आणि माप घेता घेता पुष्कळ जणी विचारतात, "ताई, मी काय करू?" त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते आहे. वैद्यकीय शब्द डॉक्टरांचा. माझं आहे ते माप आणि अनुभव.

ऑपरेशनच्या आधी

घाई करायचीच असेल तर एकाच गोष्टीची करा: ऑपरेशनच्या आधी प्लॅस्टिक सर्जनला एकदा भेटा. पुनर्रचना करायची नाही असं मनाशी पक्कं असलं तरी भेटा. स्तन काढतानाच पुनर्रचना करायची असेल तर वरची कातडी राखून ठेवता येते, आणि ती राखायची की नाही हे ऑपरेशनच्या टेबलवर जाण्याआधी ठरावं लागतं. तुमच्या दवाखान्यात प्लॅस्टिक सर्जन नसेल तर चिठ्ठी मागून घ्या. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईत दाखवून रात्री घरी परत येता येतं. आमच्या नाशकातल्या कितीतरी बायका परळच्या टाटाला असंच जाऊन येतात. बहुतेकींना ठरवायला थोडे दिवस मिळतात. तुम्हाला किती मिळतील, ते कॅन्सरच्या सर्जनला सरळ विचारा आणि तारीख लिहून घ्या.

त्यांनाच आणखी दोन गोष्टी विचारा. एक, स्तन पूर्ण काढायलाच हवा का? गाठ लहान असेल तर नुसती गाठ काढून वर रेडिएशनचे शेक घेतात, आणि त्यात जिवाच्या दृष्टीनं काही कमी पडत नाही. दुसरी गोष्ट, मला शेक लागणार आहेत का? पुढचं अर्धं गणित या उत्तरावर बसतं.

तिसरी वाटही आहे, ती कुणी फारशी सांगत नाही: काहीच न करणं. छाती सपाट ठेवायची, वर काही लावायचं नाही. हे हवं असेल तर तेही आधीच बोला. "मला पुढे काही करायचं नाही, कातडी जास्तीची न ठेवता सपाट शिवा," असं स्पष्ट सांगा. नाहीतर काखेजवळ कातडीची घडी राहते. ती रोज ब्राच्या पट्टीत अडकते आणि तिथे घामोळं येतं. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक जणींना वणापेक्षा त्या घडीचाच जास्त त्रास होतो.

पुनर्रचना म्हणजे नक्की काय

दोन रस्ते आहेत. एकात सिलिकॉनचा इम्प्लांट आत बसवतात. दुसऱ्यात तुमच्याच शरीरातला मांसाचा, चरबीचा भाग घेऊन स्तन घडवतात.

इम्प्लांटचं ऑपरेशन त्यातल्या त्यात लहान. बऱ्याचदा आधी एक रिकामी पिशवी बसवतात आणि दर आठवड्या-दोन आठवड्यांनी सुईनं तिच्यात सलाईनचं पाणी भरून कातडी हळूहळू ताणतात. कातडी पुरेशी ताणली की पिशवी काढून कायमचा इम्प्लांट बसवतात. 'कायमचा' म्हणतात खरं, पण तो जन्मभर टिकेलच असं नाही. पुढे कधीतरी बदलावा लागू शकतो. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटचा एका दुर्मिळ लिम्फोमाशी, म्हणजे लसिकापेशींच्या कॅन्सरशी, संबंध आढळला आणि २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीनं आपले तसले इम्प्लांट जगभरातून परत मागवले. म्हणून कुठल्या कंपनीचा, गुळगुळीत की खरबरीत, हे विचारा आणि त्याचं कार्ड जपून ठेवा.

शेक आणि इम्प्लांट यांचं मात्र पटत नाही. इम्प्लांटभोवती शरीर एक पातळ कवच तयार करतं. शेक घेतले की ते कवच आवळून कडक होण्याचा धोका वाढतो. सातपूरच्या कारखान्यात काम करणारी माझी एक गिऱ्हाईक आहे. इम्प्लांट बसवला, मग शेक घ्यावे लागले. वर्षभरानं ब्लाउज शिवायला आली तेव्हा मी दोन्हीकडचं खांद्यापासून टक्सच्या टोकापर्यंतचं, म्हणजे स्तनाच्या टोकापर्यंतचं माप घेतलं. उजवीकडे साडेदहा इंच, डावीकडे साडेनऊ. एक इंच वर ओढला गेला होता आणि हाताला चेंडूसारखा घट्ट लागत होता. तिला पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. सगळ्यांचं असं होत नाही. पण शेक ठरलेले असतील तर "माझ्या बाबतीत हे किती होऊ शकतं?" हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका.

स्वतःच्या शरीरातून घ्यायचं तर पाठीचा मोठा स्नायू काखेखालून पुढे वळवतात, किंवा पोटाची कातडी आणि चरबी घेतात. पाठीच्या पद्धतीत भर कमी पडली तर खाली इम्प्लांटही घालावा लागतो, आणि जोर लावून ढकलण्या-ओढण्याच्या कामाला तो हात थोडा कमी पडू शकतो. दिवसभर मशीनवर बसून जड कापड ओढणाऱ्या मला ते नको होतं. पोटाच्या पद्धतीतही दोन प्रकार आहेत. एकात पोटाचा स्नायू सोबत जातो, त्यानं पोट कमजोर पडून हर्नियाचा धोका राहतो. दुसरी डीप (DIEP) फ्लॅप. तिच्यात स्नायू तिथेच ठेवून फक्त कातडी, चरबी आणि बारीक रक्तवाहिन्या घेतात आणि त्या वाहिन्या छातीतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. हे काम प्रत्येक प्लॅस्टिक सर्जन करत नाही. "तुम्ही स्वतः अशी किती केलीत?" हे विचारायला लाजू नका. चांगले डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाहीत.

गंगापूर रोडच्या एका शिक्षिकेनं हे करून घेतलं. तिनं आधी दोन वर्षं कृत्रिम स्तन वापरला. मग ठरवून, सुट्टीचा हिशेब करून मुंबईला गेली. आठ तास ऑपरेशन चाललं. पहिले दोन दिवस नर्स तासातासाला येऊन नव्या स्तनात रक्त फिरतंय का ते बघायची, कारण जोडलेली वाहिनी तुंबली तर लगेच परत आत न्यावं लागतं आणि शंभरात काही जणींचा तो भाग वाचतही नाही. पोटावर कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत टाके. दहा-बारा दिवस ती वाकूनच चालत होती. दीड महिना पाण्याची बादली उचलायची नाही, नातवाला कडेवर घ्यायचं नाही. दोन महिन्यांनी शाळेत रुजू झाली.

तिच्या ब्लाउजचं माप घेताना दोन्हीकडे अर्ध्या इंचाचा फरक आला. ती म्हणाली, "ताई, आता अंघोळ करताना मी खाली बघते." तिची सात वर्षांची शिवणाची वही माझ्याकडे आहे. मधल्या दोन वर्षांत तिनं एकही ब्लाउज शिवून घेतलेला नाही.

नव्या स्तनाला पहिल्यासारखी जाणीव येत नाही, हे आधीच माहीत असू द्या. गरम पाण्याची पिशवी लावली किंवा कढईतलं तेल उडालं तरी कळत नाही आणि भाजतं. स्तनाग्र नंतर वेगळं करतात किंवा गोंदवून रंग देतात. साखर वाढलेली असेल, वजन फार असेल, तंबाखू-मिश्री चालू असेल तर जखम भरायला त्रास होतो. मिश्री लावणाऱ्या बायका ती डॉक्टरांपासून लपवतात. कृपा करून लपवू नका. आणि पुनर्रचना केल्यामुळे कॅन्सर परत येतो ही भीती मनातून काढून टाका. तसं होत नाही.

कृत्रिम स्तन: निवड आणि वापर

ऑपरेशननंतर जखम ओली असेपर्यंत फक्त हलका कापसाचा किंवा फोमचा तुकडा वापरायचा. वजनाचा सिलिकॉनचा स्तन साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. शेक चालू असतील तर तिथली कातडी शांत होईपर्यंत थांबा.

माझ्या पहिल्या खरेदीत पैसे वाया गेले. दुकानात काउंटरवर पुरुष, घालून बघायला जागा नाही. त्यानं ब्राचा नंबर विचारला आणि बंद बॉक्स दिला. साडेपाच हजार. घरी उघडला तर एक माप मोठा, आणि उजव्या बाजूचा. बॉक्स उघडला म्हणून परत घेतला नाही. तेव्हा मला ठाऊकच नव्हतं की काही आकार दोन्ही बाजूंना चालतात, पण काखेकडे शेपटी असलेले डावे-उजवे वेगवेगळे येतात. किती कातडी आणि मांस काढलंय त्यावर कुठला लागेल ते ठरतं. आत खोलगट झालं असेल तर मागून भरीव हवा.

म्हणून जिथे घालून बघू देतात तिथेच घ्या, आणि सोबत अंगासरशी बसणारा कुर्ता न्या. आरशासमोर सरळ उभ्या राहा. दोन्ही टोकं एका रेषेत आहेत का बघा. मग बाजूनं बघा. मग कमरेतून वाका, जसं देवळात नमस्काराला वाकतो तसं. तो पुढे लोंबला किंवा गळ्यातून दिसला तर ब्रा चुकीची आहे. मग दोन्ही हात वर करा. दिंडोरीकडची एक बाई द्राक्षाच्या बागेत थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला जाते, दिवसभर हात मांडवाला. तिचा स्तन हात वर केला की गळ्याशी यायचा. आता ती बागेत काहीच लावत नाही, लग्नकार्याला तेवढा सुताचा विणलेला हलका स्तन घालते. शेवटी पाच मिनिटं खुर्चीत बसा. जड वाटतोय, की आहे हे विसरायला होतंय?

वजन महत्त्वाचं आहे. काहीच न लावता किंवा अगदी हलका लावून वर्षानुवर्षं राहिलेल्या, भरल्या अंगाच्या बायकांचा एक खांदा वर चढलेला मला मापात दिसतो. ज्यांची छाती लहान आहे त्यांना हा फरक फारसा पडत नाही.

सिलिकॉनला रोज साध्या साबणानं धुऊन, टिपून, त्याच्याच खाचेच्या डब्यात ठेवायचं. रात्री काढायचं, कातडीला हवा लागू द्यायची. नाशकात मे महिन्यात पारा चाळीसच्या घरात गेला की त्याच्या मागे घाम साचतो. मलमलच्या दोन खोळी शिवून घ्या आणि दुपारी एकदा बदला. रामकुंडात पर्वणीला डुबकी मारायची असेल तर फोमचा घालू नका, तो पाणी पिऊन जड होतो. घट्ट खिशाच्या ब्रात सिलिकॉन चालतो, घरी आल्यावर साध्या पाण्यानं धुवा.

आणि पिन. साडी नेसणाऱ्या बाईनं ही एक गोष्ट विसरायची नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी पैठणीच्या पदराला खांद्यावर पिन लावली, ती जरा खाली गेली आणि सिलिकॉनमध्ये घुसली. दोन दिवसांनी खोळ चिकट लागली तेव्हा कळलं. टाका घालता येत नाही, जोडता येत नाही, नवा घ्यावा लागला. तेव्हापासून मी पिन नेहमी खांद्याच्या शिवणीवर, हाडावर लावते आणि डावा हात आत घालून धरते. मंगळसूत्राची टोकदार वाटी आणि मांजराची नखं यांनाही सांभाळा.

सिलिकॉन परवडत नसेल तर हातानं विणलेले सुती स्तन मिळतात. निटेड नॉकर्स इंडिया या नावानं स्वयंसेवक बायका ते विणून फुकट देतात. हलके, धुवायला सोपे, उन्हाळ्यात सुखाचे. घरी करायचा तर मऊ सुती पिशवीत कापूस आणि आतल्या बाजूला वजनाला मोहरीची छोटी पुडी. मोहरी गोल असल्यानं अंगाबरोबर सरकते. तांदूळ घातला तर घामानं कीड लागते. मोहरीही दर पंधरा दिवसांनी बदला. हे जखम पूर्ण भरल्यावरच.

पैशांचं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, शेक येतात. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत मर्यादा आहे. पुनर्रचना तुमच्या मंजुरीत बसते का, हे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधी विचारा; हेल्पलाइन १५५३८८. नाशकात शालिमारच्या सरकारी संदर्भ सेवा रुग्णालयातही चौकशी करा. स्वतःचा विमा असेल तर पॉलिसीतलं प्लॅस्टिक सर्जरी वगळल्याचं कलम पूर्ण वाचा. त्याच कलमात अपघात, भाजणं आणि कॅन्सर यांनंतरच्या पुनर्रचनेचा अपवाद दिलेला असतो. क्लेम फेटाळला तर त्या ओळीवर बोट ठेवा. बाहेरून लावायच्या स्तनाचे पैसे मात्र पुष्कळ पॉलिसी देत नाहीत, लेखी विचारून घ्या.

मग ठरवायचं कसं

मी पडद्यामागे एकच प्रश्न विचारते: ते नाही याचा त्रास तुम्हाला कधी होतो? बाहेर पडताना, लोकांत, साडी नेसताना? की अंघोळीला, कपडे बदलताना, रात्री?

बाहेर पडताना होत असेल तर चांगला बसणारा कृत्रिम स्तन तो त्रास बहुतेक मिटवतो. माझं तसंच होतं. दुकानात मी ताठ उभी राहते, गिऱ्हाइकाला कळत नाही, एवढं मला पुरतं. घरात मी तो काढून ठेवते आणि यांनी त्याबद्दल एका शब्दानं कधी विचारलं नाही. पण त्रास कपडे उतरवल्यावर होत असेल तर महागातला महाग सिलिकॉनही उपयोगाचा नाही, कारण तो तेव्हा डब्यात असतो. मग पुनर्रचनेचा विचार करा. वय कितीही असू दे, मुलगी लग्नाची असू दे. "आता या वयात कशाला" हे वाक्य मला सासरी, माहेरी आणि दवाखान्यात तिन्हीकडे ऐकायला मिळालं. ते बोलणाऱ्यांपैकी कुणाचंही शरीर त्यात नव्हतं.

उत्तर लगेच येत नसेल तर कृत्रिम स्तनापासून सुरुवात करा. त्यानं दुसरा दरवाजा बंद होत नाही. दोन, पाच वर्षांनीही पुनर्रचना होते. शेक झाले असतील तर कातडी निवायला डॉक्टर साधारण सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. एक महिना उशाशी वही ठेवा आणि ज्या ज्या क्षणी टोचलं तो लिहा: 'लिफ्टमध्ये', 'न्हाणीत', 'बसमध्ये शेजारी पुरुष'. तीच वही घेऊन प्लॅस्टिक सर्जनकडे जा. नवऱ्याला सोबत न्या, पण वही तुमच्याच हातात ठेवा.

खिसा शिवायचा

विकतच्या खिशाच्या ब्रा महाग पडतात. साधी सुती ब्रा घ्या: तार नसलेली, पूर्ण झाकणारी, खालची पट्टी रुंद, खांद्याचे पट्टे रुंद. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सूज येत असेल तर अरुंद पट्टा खांद्यात रुततो आणि त्रास वाढतो.

जुन्या, धुऊन मऊ झालेल्या मलमलचा तुकडा कपाच्या आकाराचा कापा, सगळीकडून अर्धा इंच माया ठेवा. माया आत दुमडून, दुमडलेली कड कपाकडे आणि गुळगुळीत बाजू अंगाकडे येईल असा तो कपाच्या आत लावा. खालून, वरून आणि मधल्या बाजूनं बारीक टाक्यांची शिवण घाला. काखेच्या बाजूला तीन इंच उघडं ठेवा, स्तन तिथून आत सरकवायचा. इलास्टिक घालू नका, ते वणावर रुततं. दोन्ही कपांना खिसे शिवा, म्हणजे ब्रा दोन्हीकडे सारखी बसते. पहिला खिसा जुन्या ब्रावर करून चार दिवस घाला. संध्याकाळी काढल्यावर वणाजवळ कुठे लाल रेघ उमटलेली दिसली तर तिथली शिवण उसवून अर्धा इंच बाहेर सरकवा.